समुद्रात पडलेल्या वीराची समाधी

विरार सोडून आगगाडी उत्तरेस निघाली आणि वैतरणा स्थानक मागे पडले, की थोड्याच वेळात चाकांचा आवाज एकाएकी पोकळ होतो व दोन्ही बाजूंस खाडीचे रुंद, संथ पाणी दिसू लागते. मध्ये वाढीवचे बेट, पुन्हा पाणी, आणि मग सफाळ्याची जमीन. पूल ओलांडताना डब्यातील एखादी वृद्धा नकळत हात जोडते. ही वैतरणा. त्र्यंबकेश्वराच्या डोंगरांत उगम पावून ती सह्याद्री उतरते, पिंजाळ, सूर्या, तानसा यांचे पाणी पोटात घेते आणि अर्नाळ्याच्या बेटापाशी समुद्रास मिळते. पुराणांतली वैतरणी यमलोकाच्या वाटेवरची, ही पालघरच्या भाताच्या खाचरांमधून वाहणारी. परंतु दोघींची नावे कानाला इतकी जवळची, की हिच्या पुलावरून जाताना त्या दुसऱ्या नदीची आठवण न होणारा मनुष्य आपल्याकडे विरळाच.

वैतरणी तरून जाण्यासाठी मृताच्या नावाने गाईचे दान द्यावे, हा आपला पूर्वापार आचार. पण ज्याचा देहच कोणाच्या हाती लागला नाही, त्याचे काय करावे? आपल्या धर्मशास्त्रकारांनी याही प्रश्नाचा विचार करून ठेवला आहे. दूर देशी मेलेल्या अथवा पाण्यात नाहीशा झालेल्या मनुष्यासाठी पळसाच्या ३६० देठांची मनुष्याकृती करावी, तिला त्याचे नाव द्यावे आणि तिचा यथाविधी दाह करावा, असा पालाशविधी त्यांनी सांगितला. प्रथमदर्शनी हा विधी कोणास बालिश वाटेल. पण ज्या घरातला कर्ता मुलगा समुद्रावर गेला व परत आला नाही, त्या घरातील माणसांस विचारावे. देह दिसत नाही तोवर मृत्यू खरा वाटत नाही, आणि मृत्यू खरा वाटल्यावाचून शोकाला पूर्णविराम मिळत नाही. पळसाच्या पानांचा का होईना, पण एक देह जिवंत माणसांना हवा असतो.

युद्धात भूमीवर पडलेल्या शिपायाची समाधी शोधता येते. रणक्षेत्र ठाऊक असते, छावणीची जागा ठाऊक असते, वाडीवरचे म्हातारे एखाद्या चौथऱ्याकडे बोट दाखवितात. समुद्रात पडलेल्याची समाधी मात्र शोधू म्हटल्याने सापडत नाही. लाटेवर खूण राहत नाही. म्हणून अशा वीराच्या समाधीचा शोध हा वस्तुतः दुसऱ्याच एका गोष्टीचा शोध ठरतो: मागे राहिलेल्यांनी त्याच्यासाठी काय केले, याचा. वैतरणेपासून मुंबईपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर या शोधाचा माग सुमारे हजार वर्षे मागे नेता येतो. तो जाता जाता काय दाखवितो, तेच येथे सांगावयाचे आहे.

या किनाऱ्याला समुद्रावरील युद्धे नवीन नाहीत. तारापूरला लागून असलेल्या चिंचणी गावी १९५५ साली काही ताम्रपट मिळाले. त्यांतील सर्वांत जुना शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा आहे. संजाणच्या मंडलावर त्या वेळी राष्ट्रकूटांच्या वतीने मधुमती नावाचा ताजिक अधिकारी होता. मधुमती हे महंमद या नावाचे संस्कृत रूप. किनाऱ्यावरील बंदरांचे अधिपती जिंकून त्याने तेथे आपली माणसे नेमली, आणि वाटसरूंसाठी नदीवर फुकट तरींची सोय केली, असे तो ताम्रपट सांगतो. तरी कोणी घातली, दान कोणास दिले, हे ताम्रपटाला आठवते; बंदरे जिंकताना पाण्यात कोण पडले, ते त्याला आठवत नाही. ताम्रपटाचे ते काम नव्हे, हे खरे. तरीसुद्धा या किनाऱ्याच्या लेखी इतिहासात समुद्रावर मेलेला शिपाई आरंभापासूनच असा निनावी आहे, एवढी नोंद येथे करून ठेवू.

पुढे उत्तर कोकणात शिलाहारांचे राज्य स्थिरावले. त्यांचे वैभव मुख्यतः बंदरांवर उभे होते. शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटात अनंतदेव शिलाहाराने आपल्या अमात्यांच्या जहाजांना शूर्पारक, स्थानक, नागपूर व चेमुल्य या बंदरांत जकात माफ केल्याचे लिहिले आहे. शूर्पारक म्हणजे वैतरणेच्या मुखाच्या दक्षिणेस असलेले आपले सोपारा, स्थानक म्हणजे ठाणे, आणि चेमुल्य म्हणजे चौल. ‘पश्चिमसमुद्राधिपती’ हे बिरुद हे राजे लावीत, ते निव्वळ शोभेसाठी नव्हते. जकातीवर जगणाऱ्या राज्याला नौका राखाव्याच लागतात, आणि नौका राखणाऱ्या राज्याची माणसे कधी ना कधी पाण्यात पडतातच.

त्या माणसांची खूण पाहावयाची असेल, तर वैतरणेवरून परत दक्षिणेस बोरिवलीला यावे. स्थानकाच्या पश्चिमेस एकसर नावाचे जुने गाव आहे; आज ते मुंबईच्या दाट वस्तीत बुडून गेले आहे. ठाणे जिल्ह्याचे जे गॅझेटियर कॅम्पबेल यांच्या संपादकत्वाखाली १८८२ साली निघाले, त्याच्या कर्त्यांनी हे गाव पाहिले तेव्हा गावाच्या पश्चिमेस आमराई होती, तळे होते आणि तळ्याच्या काठी ओळीने सहा कोरीव शिळा होत्या. त्यांतील मोठ्या शिळांची उंची दहा फुटांच्या घरात आहे. हे वीरगळ होत.

महाराष्ट्रात वीरगळ गावोगाव आहेत. देवळाच्या अंगणात, वेशीवर, पिंपळाच्या पारावर ते पडलेले असतात, आणि पुष्कळदा त्यांना शेंदूर फासून लोक त्यांचा देव करून टाकतात. वीरगळ नेहमी खालून वर वाचावयाचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत वीर लढत असतो वा पडलेला असतो. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला हाती धरून नेतात. आणखी वर तो शिवलिंगासमोर बसलेला दिसतो. आणि माथ्यावर कलश, व पुष्कळदा सूर्यचंद्र, म्हणजे सूर्यचंद्र आहेत तोवर याची कीर्ती राहो ही प्रार्थना. बहुतेक वीरगळांवर खालच्या चौकटीत गाई पळविणारे चोर, घोडेस्वार, ढालतलवारीचे शिपाई असतात. एकसरच्या शिळांचे वेगळेपण असे, की काहींवर हत्ती व पायदळ यांची लढाई असली, तरी काहींच्या खालच्या चौकटींत समुद्र आहे.

डोलकाठ्या असलेली उंच नाळेची जहाजे ओळीने निघाली आहेत. प्रत्येकाच्या कुशीला वल्ह्यांची रांग आहे. वरच्या चौकटीत त्यांनी एका जहाजाला घेरले आहे. त्याच्यावरची माणसे जखमी होऊन पाण्यात पडत आहेत. मूर्तिकाराने ती पडती माणसे हवेतच थांबवून ठेवली आहेत. ना धड जहाजावर, ना धड पाण्यात. शेकडो वर्षे ती तशीच पडत आहेत. आणि या सर्वांच्या वर, अप्सरा व शिवपूजा यांच्याही वर, माथ्यावर एक भला मोठा कलश कोरलेला आहे. गॅझेटियरकारांनी त्याला अस्थिकलश म्हटले. मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकाला तो देवळाच्या शिखरावरचा कलश वाटेल. मला मात्र त्या जुन्या शब्दात एक विलक्षण अर्थ दिसतो. ज्यांच्या अस्थी कोणास मिळालेल्या नाहीत, मिळणे शक्यही नव्हते, त्यांच्यासाठी कोणीतरी दगडाचा कलश घडवून ठेवला. पालाशविधीतला पानांचा देह जाळला जातो. हा दगडाचा देह मात्र टिकला. समुद्रात पडलेल्या शिपायाची समाधी आपल्या किनाऱ्यावर कोणी डोळ्यांनी पाहू इच्छील, तर त्याला एकसरकडे बोट दाखविता येईल.

ही लढाई कोणती? काही संशोधक तिला अकराव्या शतकात नेतात. भोज परमाराने कोकणविजयाचा उत्सव केल्याचे इ.स. १०२० चे ताम्रपट प्रसिद्ध आहेत, त्या स्वारीशी ते या शिळांचा संबंध लावतात. दुसरा आणि अधिक प्रसिद्ध तर्क तेराव्या शतकाचा आहे. देवगिरीच्या गादीवर इ.स. १२६१ मध्ये महादेव यादव आला. त्या वेळी उत्तर कोकणात सोमेश्वर शिलाहार राज्य करीत होता. शके ११८१ व ११८२ चे त्याचे शिलालेख उरणच्या परिसरात रानवड आणि चांजे येथे मिळाले आहेत. महादेवाने त्याच्यावर हत्तींचे सैन्य घातले. भूमीवर निभाव लागेना, तेव्हा सोमेश्वर नौकांच्या आश्रयाला समुद्रात गेला, आणि तेथेच त्याचा अंत झाला. त्याच्याबरोबर शिलाहारांचे राज्यही बुडाले, आणि इ.स. १२७२ च्या ताम्रपटात ठाण्याच्या प्रदेशावर यादवांचा अधिकारी अच्युत नायक कारभार करताना दिसतो.

सोमेश्वराच्या मृत्यूची हकीकत आपणास कोणाकडून कळते? त्याच्या भाटाकडून नव्हे, तर शत्रूच्या मंत्र्याकडून. हेमाद्री पंडिताने आपल्या ग्रंथाच्या व्रतखंडात यादवांची प्रशस्ती लिहिली. तीत तो म्हणतो की समुद्र तरण्यात कुशल असूनही कोकणचा हा राजा महादेवाच्या हत्तींच्या गंडस्थळांतून वाहणाऱ्या मदाच्या पुरात सैन्यासह बुडाला. महादेवाच्या कोपापेक्षा समुद्रातला वडवानल त्याला सुसह्य वाटला. कल्पना चमत्कृतिपूर्ण आहे, आणि क्रूरही. एका राजाचे बुडून मरणे तिने अलंकाराचे निमित्त केले. परंतु या अलंकारामुळेच त्या राजाचे नाव व त्याचा मृत्यू दोन्ही टिकली, हेही नाकारता येत नाही.

आता या दोन पुराव्यांची तुलना करून पाहावी. हेमाद्रीच्या श्लोकात राजाचे नाव आहे. त्याच्याबरोबर बुडालेल्यांसाठी ‘सैन्यासह’ एवढा एकच शब्द आहे. एकसरच्या शिळेवर त्या सैन्यातल्या माणसांचा पराक्रम आहे, त्यांची जहाजे आहेत, वल्ही आहेत, पाण्यात पडतानाचे त्यांचे हातपाय आहेत. पण त्यांची नावे नाहीत. शिळेवर अक्षरे कोरलेली होती, परंतु १८८२ च्या आधीच ती झिजून वाचता न येण्याजोगी झाली होती. म्हणजे कृत्य उरले व कर्ता हरपला. ज्या कोणा पित्याने, पत्नीने वा स्वामीने खर्च करून एवढा दगड उभा केला, त्याने नाव कोरविले नसेल असे संभवत नाही. नाव हेच सर्वांआधी झिजते, हा त्या शिळेने शिकविलेला पहिला धडा होय.

मधली शतके ओलांडून मराठेशाहीत यावे, तरी चित्र फारसे पालटत नाही. चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत १७३९ च्या जानेवारीत तारापूरच्या किल्ल्यावर निकराचा हल्ला झाला. त्यात बाजी भिवराव रेठरेकर हा नामांकित सरदार गोळी लागून पडला. पेशव्यांनी त्याच्या आईला लिहिलेले सांत्वनपत्र मराठी इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. राज्याच्या धन्याने एका वृद्ध मातेपुढे पुत्रासारखे नम्र व्हावे, अशी त्यातली भाषा आहे. भूमीवर पडलेल्या सरदाराला असे पत्र लाभले. त्याच मोहिमेत खाड्यांतून व समुद्रावरून ज्यांनी होड्या हाकल्या, माणसे व दाणागोटा वाहिला, त्या कोळी-भंडारी खलाशांपैकी जे पाण्यात राहिले, त्यांच्या आयांना पत्रे कोणी लिहावी? वाचता येण्याचीही तेथे सोय नव्हती. अर्नाळ्याच्या, दातिवऱ्याच्या, सातपाटीच्या किनाऱ्यावर त्यांच्यासाठी रडणे झाले असेल; ते रडणे दप्तरात आले नाही.

मग वाफेचे युग आले. समुद्राची वृत्ती मात्र बदलली नाही. आपल्या या नदीचेच नाव ल्यालेली ‘वैतरणा’ आगबोट ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात शेकडो प्रवाशांसह नाहीशी झाली. तिच्यावर विजेचे दिवे असल्यामुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. हे युद्ध नव्हते, आणि ती माणसे शिपाई नव्हती; तरी हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण असे, की तिची समाधी कशी झाली ते पाहण्याजोगे आहे. दगड कोणी उभारला नाही, परंतु गुजराती लोकगीतांनी तिला व तिच्या कप्तानाला पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेविले. कप्तान हाजी कासम याचे नाव गाण्यात राहिले; उतारूंची नावे गाण्यात मावली नाहीत. गाणे हीदेखील समाधीच. पण तीतही एकाच नावाला जागा असते.

पहिल्या महायुद्धात हा प्रश्न प्रथमच एका जगड्व्याळ संस्थेपुढे आला. लाखो मृतांची व्यवस्था लावण्यासाठी २१ मे १९१७ रोजी ब्रिटिश साम्राज्याने युद्धसमाधी आयोग स्थापन केला. १९६० पासून तो राष्ट्रकुलाच्या नावाने ओळखला जातो. त्याचे तत्त्व उदात्त होते. प्रत्येक मृताचे नाव कोठेतरी कोरले जावे. ज्याची समाधी ज्ञात आहे त्याचे समाधीच्या शिळेवर, व ज्याची नाही त्याचे एखाद्या स्मारकावर. आणि यात हुद्दा, वंश, धर्म यांचा भेद नसावा. समुद्रात पडलेल्यांचा प्रश्न या तत्त्वाने एका परीने सोडविला. जेथे देह नाही तेथे नाव हाच देह मानावयाचा. पालाशविधीच्या जवळच येऊन पोहोचलेली ही कल्पना आहे.

तत्त्व असे, आचरण कसे झाले? फ्रान्समध्ये नव शापेल येथे १९२७ साली हिंदी सैन्याचे स्मारक उघडले. फ्रान्स व बेल्जियम येथे पडलेल्या, पण समाधी नसलेल्या ४,७०० हून अधिक हिंदी शिपायांची व सेवकांची नावे तेथे आहेत. मेसोपोटेमियात याच्या कितीतरी पट हिंदी माणसे मेली. कूटच्या वेढ्यात, जो २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला, १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तिन्ही मराठा पलटणी होत्या. साताऱ्याची, रत्नागिरीची, कुलाब्याची कितीतरी घरे तेथे उजाड झाली. त्या आघाडीवरच्या समाधीहीन मृतांसाठी १९२९ साली बसऱ्यास भव्य स्मारक झाले. त्यावर ४०,००० हून अधिक मृतांचा हिशेब आहे. परंतु हिंदी पलटणींच्या खाली अंमलदारांची नावे कोरली, आणि साध्या शिपायांसाठी फक्त आकडा कोरला. अमुक पलटण, अमुक अधिकारी, आणि इतके इतर. युरोपच्या डोळ्यांसमोर जे नाव कोरण्याजोगे ठरले, ते वाळवंटात आकड्याइतकेच उरले.

हा दोष आयोगाने पुढे स्वतःच कबूल केला. एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या विशेष समितीने प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे, की पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण, त्यांत हिंदी, आफ्रिकी, इजिप्तचे लोक मुख्य, असमान रीतीने केले गेले. आणि आणखी किमान १,१६,००० मृतांचे, कदाचित ३,५०,००० पर्यंत, नावानिशी वा मुळीच स्मरण झाले नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्याने त्यावर लोकसभेत क्षमा मागितली. शंभर वर्षांनंतरची क्षमा कोणाच्या आईला पोहोचणार, असा प्रश्न मनात येतो. पण आपणही या बाबतीत दोषमुक्त नाही. महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत त्या युद्धानंतर लावलेल्या संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके लोक लढाईस गेले व त्यांपैकी इतके परत आले नाहीत, एवढेच त्यांवर असते. पाटी सरकारने दिली हे खरे. परंतु तिच्याखाली ती पाच-दहा नावे लिहून ठेवावयास गावाला कोणी मनाई केली नव्हती.

त्या युद्धात समुद्र किती जवळ आला होता, याचीही आज फारशी आठवण नाही. जर्मनीच्या ‘वोल्फ’ या लढाऊ जहाजाने १९१७ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या समुद्रात गुपचूप सुरुंग पेरले. त्यांतल्याच एकावर आदळून २३ जून १९१७ रोजी ‘मंगोलिया’ ही टपालाची मोठी आगबोट मुंबईच्या दक्षिणेस बुडाली. त्याआधी, १९१५ च्या सप्टेंबरात, गॅलिपोलीकडे हिंदी सैनिक नेणारे ‘रमझान’ जहाज एजियन समुद्राच्या तोंडाशी जर्मन पाणबुडीने बुडविले. सुमारे तीनशे माणसे गेली. पंचनद्यांच्या देशातला किंवा डोंगरातला शिपाई, ज्याने आयुष्यात पहिल्यांदाच समुद्र पाहिला, त्याला त्याच समुद्राने नेले.

आणि खलाशांचे काय? ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हिंदी खलाशी हजारोंनी होते. त्यांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान व इतर दर्यावर्दी, गोव्याचे खानसामे, सिल्हेटचे आगवाले, असे सर्व प्रांतांचे लोक असत. त्यांच्या हाती बंदूक नव्हती, पण पाणतीर बंदूकवाला व कोळसेवाला असा भेद करीत नसे. घरी खबर आली की मशिदीत गायबाना नमाज व्हावी, वाडीत दिवस घातले जावेत, चर्चमध्ये घंटा वाजावी. जो तो आपापल्या रीतीने त्या न आलेल्या देहाला निरोप देई. मुंबईत मशीद बंदर भागात हिंदी खलाशांसाठी बांधलेले नाविकगृह आहे. पहिल्या महायुद्धात ज्यांना समुद्रावाचून दुसरी समाधी नाही, अशा दोन हजारांहून अधिक हिंदी नाविकांचे स्मारक तेथे आहे. दुसऱ्या महायुद्धातील सुमारे साडेसहा हजार नाविकांची नावे नोंदवहीत लिहिली गेली. तिची एक प्रत मुंबईस व दुसरी चितगावास ठेवली. मुंबईकरांपैकी किती जणांनी हे स्मारक पाहिले आहे? फ्रान्समधील स्मारके पाहून येणारे पुष्कळ भेटतात. बोटीच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर असलेले हे पाहिलेला मनुष्य क्वचितच भेटतो.

येथे एकसरच्या शिळेच्या नेमके उलट झाले आहे. शिळेवर कृत्य आहे, नाव नाही. नोंदवहीत नाव आहे, बापाचे नाव आहे, पुष्कळदा गावही आहे. पण तो मनुष्य कोणत्या रात्री, कोणत्या समुद्रात, काय करीत असता गेला, ते तेथे लिहिलेले नाही. बसऱ्याच्या भिंतीवर तर यांपैकी काहीच नाही. नाव आणि कृत्य ही समाधीची दोन अंगे आहेत. आपल्या हाती बहुधा त्यांतले एकच लागते.

ही दोन्ही अंगे एकत्र आलेली पाहावयाची असतील, तर पुन्हा पश्चिमेकडे वळावे लागते. तारापूरच्या किनाऱ्यावर उभे राहून समोर पाहिले, तर खंभातच्या आखाताच्या मुखापलीकडे सौराष्ट्राचे टोक आहे आणि त्या टोकाशी दीव. १९७१ च्या युद्धात ९ डिसेंबरच्या रात्री दीवपासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर ‘खुकरी’ ही आपली युद्धनौका ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने फुटली व काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी व १७६ नाविक तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी इतरांना बाहेर पडण्यास मदत केली आणि स्वतः नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. दीवच्या किनाऱ्यावर खुकरीची प्रतिकृती काचेच्या घरात ठेवून स्मारक केलेले आहे. पुढे त्याच नावाची दुसरी नौका १९८९ साली नौदलात आली, २०२१ च्या डिसेंबरात निवृत्त झाली, आणि तीही दीवच्याच स्वाधीन करण्यात आली. खुकरीचा सांगाडा जेथे पडला, तेथेच त्या १९४ जणांची खरी समाधी. ती पाहावयास कोणी जाऊ शकत नाही. पण त्यांचे नाव कोठे आहे आणि त्यांचे कृत्य काय, या दोन्ही प्रश्नांना उत्तर आहे. एकसरच्या मूर्तिकाराला जे साधावयाचे होते, ते येथे बव्हंशी साधले.

मात्र खुकरीची आठवण राष्ट्राने ठेविली, म्हणून आधीच्यांचे ऋण फिटत नाही. ज्यांच्या घरी पहिल्या अथवा दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्या आजोबा-पणजोबांची केवळ दंतकथा उरली आहे, त्यांना थोडेसे सांगावेसे वाटते. शोधास चार गोष्टी लागतात: त्यांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, त्या काळचे गाव व जिल्हा, आणि पलटण किंवा जहाज. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. तेव्हा वैतरणेकाठच्या शिपायाला जुन्या कागदांत पालघर जिल्ह्यात शोधू नये, ठाणे जिल्ह्यात शोधावे. नोंद करणारा इंग्रज लेखनिक ऐकेल तसे लिहीत असे, म्हणून एकाच मराठी नावाची चार रूपे तपासावीत. भूमीवरचा शिपाई असेल तर त्याची आघाडी कोणती हे ठरवून त्या आघाडीचे स्मारक पाहावे. खलाशी असेल तर मुंबईची नोंद पाहावी. आयोगाच्या नोंदवह्या आता घरबसल्या पाहता येतात. बसऱ्याच्या भिंतीवर आकडाच असला, तरी कागदांत पुष्कळदा नाव सापडते.

नाव सापडले की काम अर्धे झाले. उरलेले अर्धे घरातच करावयाचे असते. आजीने सांगितलेली गोष्ट, ट्रंकेच्या तळाशी असलेले पदक, निवृत्तिवेतनाचा फाटका कागद, बोटीवरून आलेले शेवटचे पत्र, हे सारे त्या नावाखाली लिहून ठेवावे आणि गावच्या ग्रंथालयात वा शाळेत त्याची एक प्रत द्यावी. यास दगड लागत नाही, मूर्तिकार लागत नाही, सरकारही लागत नाही. गावच्या संगमरवरी पाटीवर जो आकडा आहे, त्यातला एक तरी अशा रीतीने पुन्हा माणूस होईल.

संध्याकाळच्या गाडीने परतताना वैतरणेच्या पुलावर ओहोटीचे पाणी अर्नाळ्याकडे धाव घेताना दिसते. त्या पाण्यापलीकडे कोठेतरी शूर्पारकाचे खलाशी आहेत, सोमेश्वराचे ‘सैन्य’ आहे, जुन्या आगबोटींचे आगवाले आहेत, खुकरीचे नाविक आहेत. डब्यातली ती वृद्धा पुन्हा हात जोडते. ती कोणासाठी हात जोडते, हे तिने कधी मनाशी ठरविलेले नसावे. आपण मात्र ते ठरवून घ्यावे, आणि निदान एका नावापुरते तरी हात जोडावे.